डावा तिसरा पाय

मी आयुष्यभर माल नापास करण्याचा पगार घेतला. जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. समोर येईल तो नग उचलायचा, भिंगाखाली धरायचा, माप घ्यायचं आणि ठरवायचं, पास की नापास. बनवणारे लोक माझ्याकडे सासूकडे पाहावं तसे पाहत. मला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटे. घरी आल्यावरही डोळा तसाच राही. पोळी गोल नाही, पडदा एका बाजूने खाली आलाय, कॅलेंडर वाकडं लागलंय. बायको म्हणायची, "ते भिंग तिकडेच ठेवून येत जा ना." पण भिंग माझं स्वतःचं होतं, दहापट मोठं दाखवणारं, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते सगळं हातात आणि भिंग खिशात, असा मी क्वार्टरवर परत आलो.

क्वार्टर ऑक्टोबरअखेर रिकामं करायचं होतं. जबलपूरच्याच गोरखपूर भागात आम्ही लहानसं घर बांधलं होतं, त्याच्या फरशीचं काम रेंगाळलं होतं. तोवर मला काही उद्योग नव्हता. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी मागच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाची तपासणी सुरू केली. इथे पेरूला बिही म्हणतात. झाड बायकोने लावलेलं, आमच्या लग्नाइतकं नाही पण त्याच्या आसपास जुनं. कोणत्या पानावर डाग, कोणत्या फळाला कीड, हे मी भिंगातून पाहत असे आणि घरात येऊन सांगत असे. ऐकायला कोणी तयार नसे.

असाच एकदा पान उलटलं तर खाली मसुराच्या दाण्याएवढा कोळी. जाळं नाही, काही नाही. मी भिंग जवळ नेलं, तर त्याने अंग वळवून माझ्याकडे पाहिलं. समोर दोन मोठे काळे डोळे, बाजूला आणखी लहान लहान. मी भिंग डावीकडे सरकवलं, त्याने तोंड डावीकडे केलं. उजवीकडे नेलं, तो उजवीकडे. इतक्या वर्षांत एकाही नगाने माझ्याकडे उलटून पाहिलं नव्हतं. मग त्याने एक झेप घेतली आणि शेजारच्या पानावरची माशी पकडली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला टेकवून मी फोटो काढले आणि किडे-कोळी ओळखणाऱ्या एका ग्रुपवर टाकले. दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. कोकणातल्या एका कॉलेजात शिकवतात, उडी मारणाऱ्या कोळ्यांवरच संशोधन करतात, वयाने मला मुलीसारख्या. पहिल्याच वाक्यात मला काका म्हणाल्या.

"काका, ही मादी तुम्हाला कुठे मिळाली?"

"घरामागे, पेरूवर. चार-पाच तरी दिसतात."

त्यांनी अंगाच्या सगळ्या बाजूंचे फोटो मागवले. आठवड्याने पुन्हा फोन आला. आता आवाजात उत्साह होता, पण त्या तो दाबून बोलत होत्या. "मला वाटतं, ही जात अजून कुणी नोंदवलेली नाही. पण नर पाहिल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. मला पूर्ण वाढलेला नर हवा."

नराच्या तोंडाजवळ मिशांसारखे दोन छोटे अवयव असतात आणि त्यांच्या टोकाला गाठ असते. त्या गाठीची घडण प्रत्येक जातीत वेगळी, कुलपाची किल्ली वेगळी असते तशी. शिवाय नवीन जात जाहीर करायची तर एक नमुना निवडून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. पुढे जगात कुठेही तसा कोळी सापडला, तर तो खरंच त्या जातीचा आहे का, हे त्या एका नमुन्याशी ताडून ठरवायचं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडेही मंजूर झालेला पहिला नग लाखेची मोहर लावून, सही करून कपाटात ठेवत. त्याला मास्टर म्हणत. पुढचे हजारो नग त्याच्याकडे पाहून पास व्हायचे.

मी आजूबाजूच्या क्वार्टरांतली सगळी पेरूची झाडं पाहून आलो. ही कोळीण फक्त आमच्याच झाडावर होती. म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत नर सापडला तर सापडला. त्यानंतर ते अंगण दुसऱ्याचं होणार होतं आणि मी फाटकाबाहेरचा माणूस. मी इतकी वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू तपासल्या. माझ्या हातून जगात नवीन असं काहीच गेलं नव्हतं. हे एक जावं, असं मला फार वाटू लागलं.

"काय पाहून राहिले हो एवढं?" बायकोने विचारलं.

"नर शोधतोय."

"अच्छा, म्हणजे स्थळ पाहून राहिले. पोरगी तर चांगली आहे, डोळे पहा किती टपोरे."

तेव्हापासून घरात तोच शब्द रूढ झाला. चहा देताना ती विचारी, "स्थळ आलं का?" शेजारच्या दीदी कुंपणावरून ओरडायच्या, "भैया जी, रोज बिही गिनते हो क्या?" मी भिंग लावून पुढचं पान उलटत असे.

सप्टेंबरात एका सकाळी तो दिसला. मादीहून बारीक, अंग तांब्याच्या जुन्या भांड्याच्या रंगाचं, आणि डोळ्यांच्या दोन्ही बाजूंनी खाली आलेल्या पांढऱ्या केसांच्या दोन रेघा. लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत मी त्याला अलगद घेतलं आणि बायकोला दाखवलं. "अगं बाई, याने तर मुंडावळ्या बांधल्या!" ती म्हणाली, आणि हसत हसत बाजाराची पिशवी घेऊन निघून गेली.

मी बाटली टेबलावर ठेवली, खाली आलेखाचा कागद घातला आणि वहीत रकाने आखले. तोंडाजवळच्या गाठी, आहेत. डोळे, ठीक. पोटावरची नक्षी, दोन्ही बाजूंना सारखी. मग पाय. पहिली जोडी सारखी. दुसरी सारखी. तिसऱ्या जोडीपाशी मी थांबलो. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता, जवळपास एक तृतीयांशाने, आणि रंगानेही फिका. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

मास्टर नगात खोट चालत नाही. हा नियम मला इतका पाठ होता की मी क्षणभरही विचार केला नाही. वहीत त्याच्यापुढे फुली मारली, बाटली घेऊन झाडापाशी गेलो, झाकण उघडलं आणि फांदीवर टकटक केली. तो पानामागे गेला. एक आला तर दुसरा येईल, आणि तो बिनखोट असेल, असं मी धरून चाललो. संध्याकाळी बाईंना फोन करून मी हे सगळं सांगितलं. कौतुक होईल अशीच माझी अपेक्षा होती.

 

"काका, तुम्ही त्याला सोडून दिलंत?"

"खोट होती ना. पाय आखूड होता."

"काका, कोळ्यांचे पाय तुटतात. लहानपणी तुटला तर पुढे कात टाकताना नवा फुटतो, तो थोडा आखूड राहतो. त्याने जात बदलत नाही. सात पायांचा असता तरी चाललं असतं. आजवर या जातीचा नर पाहिलेला माणूस जगात तुम्ही एकटेच आहात." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको कणीक मळत होती. तिला सांगितलं.

"काहून सोडला?"

"पाय आखूड होता."

तिने कणकेचे हात तसेच ठेवून माझ्या पायांकडे पाहिलं. "आणि तुमचे गुडघे?" म्हणाली, आणि पुन्हा मळू लागली.

हे आता सांगावंच लागेल. जबलपूर हे छावणीचं गाव. आमच्या वेळी मोहल्ल्यातली निम्मी पोरं फौजेच्या भरतीला उभी राहत. मीही एकोणिसाव्या वर्षी राहिलो. धावण्यात पहिल्या दहांत आलो, छाती फुगवून दाखवली, सगळं जमलं. मग डॉक्टरांनी टाचा जुळवून उभं राहायला सांगितलं. माझे गुडघे एकमेकांना चिकटले. मी पाय फाकवून, श्वास रोखून ते वेगळे करायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "नॉक नी," एवढंच म्हणाले, कागदावर फुली मारली आणि पुढच्याला हाक दिली. परतताना मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. त्यानंतर मी कधी अर्धी पँट घातली नाही. जबलपूरच्या उन्हाळ्यात सगळी वसाहत अर्ध्या पँटीत फिरे, मी पायजम्यात. दोन वर्षांपूर्वी बायकोने गोरखपूरच्या बाजारातून माझ्यासाठी एक अर्धी पँट आणली होती, खाकी, भरपूर खिशांची. मी भिंग लावून पाहिलं आणि शिवण वाकडी आहे म्हणून कपाटात ठेवून दिली.

तर, ज्या फुलीने मला जन्मभर पायजम्यात ठेवलं, तीच फुली मी त्या दाण्याएवढ्या जिवापुढे मारली होती. मला स्वतःची लाज वाटली. वहीचं ते पान मी फाडलं नाही, पण उलटून ठेवलं.

त्यानंतर रोज सकाळ-दुपार झाडाखाली. नर नाही. आमचं सामान खोक्यांत जाऊ लागलं. बाईंच्या सांगण्यावरून मी एक तरुण मादी डब्यात पाळली, तिच्यासाठी सडक्या केळ्यावर चिलटं वाढवली. घरात केळ्याचा वास आणि चिलटं, तरी बायको काही बोलली नाही, म्हणजे तिला माझी दया आली होती. मादीने शेवटची कात टाकली, मोठी झाली, डब्याच्या कोपऱ्यात रेशमाची पिशवी विणून बसली. मी ते बायकोला दाखवलं.

"पोरगी उपवर झाली आणि तुम्ही तिला डब्यात कोंडून ठेवून राहिले," ती म्हणाली. "लोकांना कळेल कसं, या घरात पोरगी आहे म्हणून? बाहेर ठेवा ना तिला."

मी हे फोनवर हसत हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "काका, काकू बरोबर बोलतायत. मादीच्या धाग्याला वास असतो, नर त्यावरून माग काढतात. मला सुचायला हवं होतं."

श्रीखंडाचा चक्का बांधायची मलमल बायकोने मोठ्या मनाने दिली. तिची सैल पिशवी करून, आत एक तारेची कडी घालून, मादीला तिच्या रेशमासकट आत ठेवली आणि पेरूच्या खालच्या फांदीला टांगली. ट्रक रविवारी येणार होता. हा सोमवार होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मी झाडाखाली खुर्चीच टाकली. काही आलं नाही. शुक्रवारी सकाळी गॅसची जोडणी बंद करायच्या कागदांत मी डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो, या लवकर! नवरदेव आला!"

तो मलमलीवर होता. पुढचे दोन पाय वर उभारून थरथरवत होता, चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे, मग पुन्हा पाय वर. आत मादी जाळीला तोंड लावून पाहत होती. तांब्याचा रंग, पांढऱ्या मुंडावळ्या. मी भिंग काढलं, पण पिशवी वाऱ्याने हलत होती, काही दिसेना. बायकोने फांदी धरून ठेवली, तेव्हा दिसलं. डावा तिसरा पाय आखूड. तोच होता. त्याला लोणच्याच्या बाटलीत घेतलं आणि मी चक्क पेरूच्या झाडाला हात जोडले. कुंपणावरून दीदींनी विचारलं, "भैया जी, सब ठीक है ना?" मी म्हणालो, "दीदी, सब ठीक है," आणि माझे डोळे भरून आले.

माझा फोन जाताच बाई मिळेल त्या गाडीने निघाल्या आणि शनिवारी दुपारी पोहोचल्या. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला भेडाघाट दाखवायचा, नावेत बसवायचं आणि संगमरवराचा एक शंकर विकत घेऊन द्यायचा, हा शिरस्ता. मी रिक्षा सांगायला उठलो तर त्या म्हणाल्या, "काका, मला पेरूचं झाड दाखवा." भेडाघाट नको म्हणणारा आमच्या घरी आलेला हा पहिला पाहुणा. खव्याची जिलेबी मात्र त्यांनी तीनदा घेतली.

नर अल्कोहोलमध्ये जाणार, हे मला माहीत होतं. बायकोला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "आधी लग्न तर लागू द्या त्याचं."

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, शास्त्रात असलं काही बसत नसेल. त्या म्हणाल्या, "लावू या. जोडी जमली तर दोघं एकाच जातीचे असल्याचा तो पुरावाच होईल." रिकाम्या खोक्यांमध्ये, जमिनीवर बसून, आम्ही तिघांनी ते पाहिलं. नराने पाय उभारले, सरकला, थांबला, पुन्हा सरकला. आखूड पायाने त्याचं काही अडलं नाही. जमलं तेव्हा बायकोने डब्याच्या झाकणावर खरोखर चार तांदूळ टाकले. बाई वहीत वेळ लिहीत होत्या, त्यांनीही दोन टाकले.

मग तो काचेच्या नळीत गेला. फार वेळ लागला नाही. मला वाईट वाटलं आणि मी ते लपवलं नाही. बाई म्हणाल्या, "मलाही वाटतं, काका. दर वेळी वाटतं." झाडावरची दुसरी एक मादी त्यांनी नमुन्यासाठी नेली. लग्न झालेलीला आम्ही संध्याकाळी पेरूच्या पानांत सोडलं. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या कुटुंबाला बायकोने किल्लीबरोबर एवढंच सांगितलं, की बिही खा, पण झाड तोडू नका.

हिवाळाभर गोरखपूरच्या घरी मी वर्णन लिहिलं. बाई सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो पाठवत, शेजारी मापाची रेघ असे, आणि मी प्रत्येक अवयवाची लांबी-रुंदी काढून तक्ते भरत असे. त्या म्हणाल्या, "माझे विद्यार्थी दर दोन ओळींनी 'सुंदर' लिहितात. तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत." मी ते लिहिणार नव्हतोच, तपासणीच्या अहवालात सुंदर असा रकाना नसतो. रंगांपाशी मात्र मी अडलो. मला तपकिरी आणि काळा एवढेच रंग ठाऊक. बायको चष्मा लावून माझ्या शेजारी बसे आणि सांगे, हा जुन्या तांब्याचा, हा चिंचेच्या बीचा, हा ताकाचा. बाईंनी त्यांचं शास्त्रीय भाषेत काय केलं ते केलं, पण रंग तेच राहिले. नावही बायकोच्याच शब्दावरून पडलं. आधी गावाचं द्यायचं ठरत होतं, पण मुंडावळ्या ऐकल्यावर बाईंनी दुसरं काही मनावरच घेतलं नाही.

मसुदा तिसऱ्या पायापाशी आला तेव्हा मी थांबलो. फोन करून विचारलं, "हे लिहायचं?"

"लिहायचं ना. आहे तसं."

मी माझ्या सगळ्या नोकरीत दोनच रकाने भरले होते. खोट आहे, नापास. खोट नाही, पास. खोट लिहायची आणि पुढे पास म्हणायचं, याला आमच्या फॉर्मवर जागाच नव्हती. मी लिहिलं, डावा तिसरा पाय आखूड, पुन्हा वाढलेला. आणि पुढच्या अवयवाकडे गेलो.

पावसाळ्यापूर्वी ते छापून आलं. मी बाजारातून त्याची प्रत काढून आणली आणि बायकोला एकेक ओळ मराठीत करून सांगितली. नराच्या चित्रात बाईंनी आठही पाय काढले होते, एक आखूड. मी सांगितलं, तो आता संग्रहालयात आहे, काचेच्या नळीत, चिठ्ठी लावून. यापुढे कुणालाही, कुठेही, असा कोळी मिळाला तर याच्याशीच ताडून पाहतील.

"याच्याशी?"

"याच्याशीच. हाच मास्टर."

तिने चित्रावर बोट ठेवलं. "म्हणजे ज्याचे आठही पाय सारखे, त्यालाच आता विचारतील का, काहून रे बाबा, तुझा पाय आखूड कसा नाही?"

मी हसायला लागलो ते थांबेचना. तीही हसली. मग ती चहा टाकायला आत गेली आणि मी कपाट उघडलं. खाकी अर्धी पँट खालच्या कप्प्यात होती, घडी तशीच. शिवण खरंच थोडी वाकडी होती. मी ती घातली आणि चहा पिऊन गोरखपूरच्या बाजारातून भाजी घेऊन आलो.